उकिरड्यातली टिपणे

१
उत्खननात सर्वांत जास्त निघतात खापरे. त्यांच्या खालोखाल हाडे. मूर्ती निघाली की वर्तमानपत्रात फोटो येतो. हाडे धुऊन, वाळवून, चिठ्ठी घालून पिशवीत जातात.

२
इनामगाव, तालुका शिरूर, घोड नदीचा काठ. डेक्कन कॉलेजाने १९६८ ते १९८३ या काळात इथे बारा हंगाम खणले. ह. धी. सांकळिया, म. के. ढवळीकर, झेड. डी. अन्सारी. गाव साधारण इ.स.पू. १६०० ते ७०० एवढा काळ नांदले. सव्वाशेहून अधिक घरे निघाली. चुली, बळदे, पाटाचा बांध, घरातच पुरलेली माणसे. आणि या सगळ्यांच्या वर, खाली, मध्ये, जेवून टाकलेली हाडे. ती पी. के. थॉमस यांनी तपासली.

बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणे. इथल्या उकिरड्याला तीन हजार लागली.

३
हाड हातात आल्यावर विचारायचे प्रश्न, याच क्रमाने. कोणते हाड? डावे की उजवे? कोणत्या प्राण्याचे? वय किती? कापले कोणी? चावले कोणी?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर बहुधा ठरलेले. कुत्र्याने.

४
सी. के. ब्रेन यांनी १९६०च्या दशकात नामिबियात कुइसेब नदीकाठच्या वाड्यांभोवती पडलेली शेळ्यांची हाडे वेचली. आधी माणसांनी खाल्लेली, मग कुत्र्यांनी चघळलेली. खालचे जबडे भरपूर. पुढच्या पायाच्या वरच्या हाडाचे कोपराकडचे टोकही भरपूर. त्याच हाडाचे खांद्याकडचे टोक मात्र जवळजवळ नाहीच. शेळीला ही दोन टोके अर्थातच सारख्याच संख्येने असतात. पण खांद्याकडचे टोक ठिसूळ, चरबीने भरलेले, आणि बाकीच्या हाडाशी उशिरा सांधणारे. कुत्र्याला हे शिकवावे लागत नाही.

त्याआधी रेमंड डार्ट यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या एका गुहेतला हाडांचा असाच असमान साठा पाहून सिद्धांत मांडला होता: आदिमानव निवडक हाडे हत्यारे म्हणून जमवत असे. हत्यारांची ती यादी आणि कुत्र्याने काय सोडले याची यादी बरीचशी एकच निघाली.

५
बैलबाजारात व्यापारी जनावराचा खालचा ओठ ओढून पाहतो. आदत, दोनदाती, चारदाती, सहादाती, जुळलेला. दुधाचे दात पडून कायमचे येतात ते जोडीजोडीने. पहिली जोडी दोन वर्षांच्या पुढेमागे, चौथी चार-साडेचारच्या सुमाराला. वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच. फसवायला जागा निम्मीच.

६
पुढचे दात जबड्यातून सुटून मातीत हरवतात. म्हणून अभ्यासकाला दाढांवर भागवावे लागते: कोणती आली, कोणती यायची होती, किती झिजली. सेबॅस्टियन पेन यांनी १९७३ साली तुर्कस्तानातल्या आश्वान काले इथल्या शेळ्यामेंढ्यांचे जबडे घेऊन हे गणित नीट मांडले. कळप दुधासाठी असेल तर नर कोकरे-करडे पहिल्या काही महिन्यांतच कापली जातात. मांसासाठी असेल तर नर अंगाने भरेपर्यंत थांबतात. लोकरीसाठी असेल तर नर-मादी दोघेही म्हातारे होतात.

म्हणजे कळप कशासाठी राखला हे कळते. धनगराला त्यात काय सुटले हे नाही.

७
इनामगावात सर्वांत जास्त हाडे गाईबैलांची. मग शेळ्यामेंढ्यांची. म्हैस, कुत्रा. शिकारीतली काळवीट, चितळ, सांबर. गुरांच्या हाडांवर कापल्याच्या खुणा आहेत, भाजल्याच्याही.

८
पण चाळण कोणती होती हेही विचारावे. पेन यांचाच १९७२ सालचा दुसरा निबंध. ग्रीसमधल्या सिताग्रोई इथे खणलेली माती त्यांनी पुन्हा चाळून पाहिली. खणताना हाताने वेचलेल्या हाडांत गाईबैल भरपूर होते. चाळल्यावर मेंढ्या, शेळ्या, डुकरे वाढली. मोठे हाड डोळ्यांना दिसते, लहान मातीच्या ढिगाबरोबर बाहेर जाते. मासे, पक्षी, उंदीर यांची तर गोष्टच नको. ते बारीक जाळीवर पाणी सोडले तरच भेटतात.

प्राचीन माणूस काय खात होता यात मजुराच्या पाटीचा वाटा मोठा आहे.

९
हस्तिनापूर. बी. बी. लाल, उत्खनन १९५० ते १९५२. हाडे भोलानाथ यांनी तपासली. जळालेली, कापल्याच्या खुणा असलेली गुरांची हाडे अहवालात नोंदलेली आहेत. अहवाल सरकारी, भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या ‘एन्शन्ट इंडिया’त छापलेला. तो मागे घेतल्याचे कोणी म्हटलेले नाही. वाचल्याचेही फारसे कोणी म्हणत नाही.

१०
महाराष्ट्र प्राणी रक्षण अधिनियम, १९७६: गोवध बंद. सुधारणा, मार्च २०१५ पासून लागू: बैल आणि वळूही.

११
पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी खांदेमळण. बैलाच्या खांद्याला हळद आणि लोणी लावून चोळतात, कारण वर्षभर जू तिथे असते.

१२
हाडे मात्र दुसरेच सांगतात. ओझे ओढणाऱ्या बैलाच्या श्रमाच्या खुणा खांद्यापेक्षा पायांत जास्त. खुरांच्या वरची लहान हाडे रुंदावतात, कडांना जास्तीचे हाड फुटते, सांधा घासून गुळगुळीत होतो. बार्तोशेविच आणि सहकाऱ्यांनी रुमानियातल्या कामाच्या बैलांचे पाय तपासून १९९७ साली यावर अख्खे पुस्तक काढले. त्या बैलांचे वय आणि त्यांनी कोणते काम केले, हे मालकांना विचारता आले. इनामगावच्या मालकांना विचारता येत नाही.

१३
बडवलेल्या बैलाचे पाय वळूपेक्षा लांब. हाडांची टोके सांधायला उशीर होतो, तोवर हाड वाढत राहते.

१४
वशिंड हाडाचे नसते. मेल्यावर त्याचे काही उरत नाही. पण वशिंडाखालच्या मणक्यांचे जे उंच काटे असतात, त्यांची टोके आपल्याकडच्या गुरांत दुभंगलेली असतात. युरोपी गाईत ती सरळ. असा एक फुटका काटा मिळाला की वशिंड मिळाले.

१५
शेळी की मेंढी? रस्त्याने जाणारे पोरही सांगेल. कातडी, शिंगे, शेपूट आणि आवाज काढून घेतल्यावर सांगणे अवघड. बोएस्नेक, म्युलर आणि टायखर्ट या जर्मनांनी १९६४ साली दोघींच्या हाडांतले बारीक फरक लिहून काढले. जग आजही त्यावर चालते. तरी निम्म्याअधिक तुकड्यांपुढे अहवालात ‘शेळी/मेंढी’ असेच लिहिलेले असते, मध्ये तिरकी रेघ. आता हाडातल्या कोलॅजेनवरून प्राणी ओळखण्याची पद्धत आली आहे. थंड देशांत ती उत्तम चालते. आपल्या उन्हात हजारो वर्षे तापलेल्या मातीत कोलॅजेन फारसे टिकत नाही. तिरकी रेघ इथे अजून काही काळ राहणार.

१६
गाय, म्हैस की नीलगाय? युरोपच्या पुस्तकांत हा प्रश्न नाही, कारण तिथे हे तिन्ही एका उकिरड्यात येत नाहीत. म्हणून १९९०च्या दशकात डेक्कन कॉलेजाच्या मंडळींनी तिघांच्या पायांची हाडे शेजारी शेजारी मांडून फरक लिहिले. प्रमोद जोगळेकर, थॉमस आणि सहकारी. असल्या कामाला पारितोषिके मिळत नाहीत. पुढची चाळीस वर्षे लोक ते उघडे ठेवून बसतात.

१७
ते शेजारी मांडायला आधी सांगाडे लागतात. पुस्तकातले चित्र पुरत नाही. हाड फिरवून पाहावे लागते. म्हणून प्रत्येक प्रयोगशाळेत आजच्या प्राण्यांचे सांगाडे खोक्यांत असतात: गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर, कुत्रा, मांजर, कोंबडी. ते कोणी विकत नाही. मेलेले जनावर मिळवायचे, पुरून ठेवायचे किंवा पाण्यात कुजवायचे, मांस गळले की उकळून धुवायचे, चरबी काढायची, प्रत्येक हाडावर क्रमांक घालायचा. पायाच्या पंज्यातली मुगाएवढी हाडे हरवू द्यायची नाहीत. वास कोणत्याही पुस्तकात नोंदलेला नाही.

गाय मिळवणे सोपे नाही, तर काळवीट मिळवणे त्याहून अवघड. १९७२च्या वन्यजीव कायद्यानुसार रस्त्यावर मेलेले हरीण उचलायलाही वनखात्याची परवानगी लागते. तीन हजार वर्षांपूर्वीच्या काळविटाला परवानगी लागत नाही, पण त्याला ओळखायचे तर आजचा एक हवा.

१८
सिंधू मुद्रांवर सर्वांत जास्त वेळा कोरलेला प्राणी: एकशिंगी. हाडांत पत्ता नाही.
त्याच वसाहतींच्या उकिरड्यांत शेळ्यामेंढ्या जागोजाग. मुद्रांवर क्वचित.

१९
घोडा. सुरकोटडा, कच्छ. उत्खनन जगत्पती जोशी, १९७० नंतरची दोन-तीन वर्षे. काही दात, काही पायाची हाडे. अ. कु. शर्मा यांनी १९७४ साली लिहिले, घोडा. हंगेरीचे शांदोर बॉकोन्यी भारतात येऊन ती पाहून म्हणाले, हो, पाळीव घोडा. हार्वर्डचे रिचर्ड मेडो म्हणाले, एवढ्यावरून सांगता येत नाही. रानगाढव असू शकेल, आणि ते कच्छच्या रणात आजही पळते. १९९७ साली ‘साउथ एशियन स्टडीज’च्या एकाच अंकात दोघांचे म्हणणे शेजारी शेजारी छापले. बॉकोन्यी तोवर वारले होते, त्यामुळे शेवटचा शब्द कोणाचा हे ठरणे आणखी कठीण झाले.

इतके थोडे तुकडे. त्यांच्यावर आर्य कुठून आले याचे ओझे. ओढणाऱ्या बैलाच्या पायांवर उमटते तसे यांच्यावर काही उमटत नाही.

२०
हाडे पुरेनात तेव्हा, २००० साली, एका फुटक्या मुद्रेवरच्या एकशिंगीच्या मागच्या भागाला घोडा म्हणून पाहिले गेले. ‘फ्रंटलाइन’ने तो दावा खोडणारा लेख छापला. शिंगाचा भाग फुटून गेलेला होता, हे सोयीचे होते.

२१
नागपूरजवळचे माहुरझरी. लोहयुगातली शिळावर्तुळे. शां. भा. देव यांनी १९७० ते १९७२ मध्ये खणली. माणसांबरोबर घोड्यांची हाडे, लोखंडी लगाम, घोड्याच्या तोंडावरचा तांब्याचा साज. इथे घोडा आहे की नाही यावर कोणी भांडत नाही. काळ उशिराचा आहे.

२२
पाटणे, तालुका चाळीसगाव. लोक जातात ते पाटणादेवीला आणि भास्कराचार्यांच्या नावासाठी. शि. अ. साळी यांनी १९७२-७३ मध्ये इथे खणले तेव्हा शहामृगाच्या अंड्याची कवचे निघाली. एका तुकड्यावर रेघारेघांची नक्षी कोरलेली. साधारण पंचवीस हजार वर्षांपूर्वीची.

भारतात सापडलेल्या अशा बऱ्याच ‘कोरीव’ कवचांवरच्या रेघा प्रत्यक्षात मुळांनी केलेल्या निघाल्या. पाटण्याचा तुकडा त्या तपासणीतून टिकला.

२०१७ साली हैदराबादच्या सीसीएमबीमधल्या संशोधकांनी भारतातल्याच जुन्या कवचातून डीएनए काढला. आफ्रिकेतल्या शहामृगाशी जुळला.

२३
गोदावरी आणि मांजरा खोऱ्यांतल्या वाळूच्या थरांत पाणघोड्याचे जीवाश्म सापडतात. गो. ल. बदाम यांच्या पुस्तकात यादी आहे, १९७९. मांजरेत पाणघोडा होता, मराठवाड्यात. आता पाणी टँकरने येते.

२४
गेंडा, एक. लांघणज, उत्तर गुजरात. सांकळियांचे उत्खनन. गेंड्याच्या खांद्याचे रुंद हाड, त्यावर ठोकल्याच्या खाचा. फ्रेडरिक झॉयनर यांनी ओळखले: दगडाची बारीक पाती पाडण्यासाठी ऐरणीसारखे वापरलेले. आज गेंडा आसामात.

गेंडा, दोन. दायमाबाद, प्रवरेचा काठ. १९७४ साली एका भिल्ल शेतकऱ्याला झाडाचे मूळ खणताना तांब्याची चार शिल्पे सापडली: हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. मिळून साठ किलोंहून जास्त. रथाच्या दांड्यावर एक कुत्रा उभा आहे. हाडे चावायला त्याला वेळ नसावा.

२५
सांबराचे शिंग सापडले म्हणजे सांबर मारले असे नव्हे. सांबर-चितळाची शिंगे दर वर्षी गळतात. जंगलात फिरणाऱ्याने उचलून आणले असेल. काळविटाचे शिंग गळत नाही. तिथे शंकेला जागा कमी.

२६
वाळकी, भीमा आणि मुळा-मुठेच्या संगमावर. इनामगावच्याच काळची लहान वस्ती. हाडाचा फाळ निघाला. म्हणजे नांगरट होती, लोखंड नव्हते.

२७
तीनशे तुकडे. एक बैल की तीनशे? अंगात दोनशेवर हाडे असलेले जनावर. फोडले की तुकडे वाढतात. म्हणून दुसरी मोजणी: डाव्या बाजूचे जबडे चार, उजवे दोन, तर किमान जनावरे चार. ही मोजणी कमी सांगते, तुकड्यांची जास्त सांगते. अहवालात दोन्ही छापतात आणि वाचणारा हवी ती घेतो.

२८
कोकणात जांभ्याची आम्ल माती. तीत हाड विरघळते. माणूस हजारो वर्षे मासे खातो आहे आणि काटा सापडत नाही. गोव्यातही तेच. देशावरची माती चुन्याची, ती हाडे राखते आणि वर पापुद्रा चढवते. म्हणून महाराष्ट्राचा प्राचीन आहार म्हणून जो सांगितला जातो तो देशावरचा आहार आहे. कोकणस्थांनी यावर आक्षेप घेतलेला नाही.

२९
हडप्पा समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, पंजाबात. विल्यम बेल्चर यांना तिथल्या हाडांत समुद्रातले मासे सापडले. एवढ्या अंतरावर ताजे जाणे शक्य नाही, म्हणून सुकवून, बहुधा खारवून नेले असावेत. साडेचार हजार वर्षांपूर्वी कोणाच्या तरी घरात तो वास येत होता आणि शेजारी तक्रार करत होते, हे मात्र हाडांवरून सिद्ध होत नाही.

३०
मेहेरगढ, बलुचिस्तान. सुरुवात इ.स.पू. ७०००च्या सुमाराला. मेडो यांनी तिथली हाडे मोजली. सर्वांत खालच्या थरांत चिंकारा आणि इतर रानजनावरे. जसजसे वर यावे तसतशी गुरे वाढतात आणि आकाराने लहान होत जातात. पाळलेले जनावर रानातल्या भाईबंदापेक्षा लहान होते, हे जगभर दिसते. पाळणाऱ्याचे काय झाले, ते दुसऱ्या विभागाकडे.

३१
भाजलेल्या हाडाचा रंग तापमान सांगतो. तीनशे अंशांच्या आसपास काळे. सहाशे-सातशेच्या पुढे राखाडी, मग पांढरे. मांसासकट भाजले तर आतले हाड बचावते, उघडी टोके तेवढी करपतात. हाड सगळीकडून पांढरे असेल तर ते जेवणाचे नव्हे, जेवणानंतरच्या चुलीचे.

३२
कर्नाटक-तेलंगणात राखेच्या टेकड्या आहेत. हंपीजवळ निंबापूरला अशी एक टेकडी. लोक सांगतात, वालीला इथे जाळले. अभ्यासक सांगतात, शेणाचे ढीग, पुन्हा पुन्हा पेटवलेले, नवाश्मयुगातले. रेमंड ऑल्चिन यांनी १९५७ साली उतनूरला खणले तेव्हा गोठ्याच्या जमिनीवर गुरांच्या खुरांचे ठसे उमटलेले मिळाले. क. पद्दय्या यांनी बुदिहाळला खणले, तिथे जनावरे कापायची फरसबंदी मिळाली.

शेण, खूर, सुरी. वाली मात्र सापडला नाही.

३३
पर्किन्स आणि डेली, १९६८. तुर्कस्तानातले सुबेर्दे. रानगुरांच्या हाडांत पायांची हाडे खूप, मांसल भागांची कमी. त्यांचा तर्क: शिकारी जनावर जिथे मारले तिथेच सोलत, मांस कातड्यात बांधत आणि खुरांना धरून गाठोडे ओढत घरी आणत. मांसाची हाडे रानात राहत, पाय गावात येत.

३४
आजच्या शहरात उलटे आहे. बोनलेस मागवणाऱ्याच्या घरच्या कचऱ्यात हाड नाही. ते एका कारखान्याच्या आवारात आहे. चार हजार वर्षांनी कोणी पुण्याच्या सोसायट्या खणल्या तर रहिवासी शाकाहारी ठरतील. समितीला आनंद होईल.

३५
इनामगावच्या मोठ्या माणसांना पुरताना पाय घोट्याखाली तोडत. ढवळीकरांचा तर्क: मेलेल्याने चालत परत येऊ नये म्हणून. एकाचे पाय शाबूत आहेत. तो पाच खोल्यांच्या घरात, चार पायांच्या मातीच्या रांजणात बसवलेला आहे. पाय त्याचेही आणि रांजणाचेही.

३६
त्याच गावातली मातीची डबी. आत एक स्त्रीमूर्ती. वर दुसरी स्त्री, तिला डोके नाही, आणि तिच्याजवळ एक बैल. ती वस्तू संग्रहालयाची. बैलांची हाडे प्रयोगशाळेची. इमारती वेगळ्या असतात.

३७
गावाचा उत्तरकाळ, इ.स.पू. १०००च्या पुढे. मोठी चौकोनी घरे जाऊन लहान गोल झोपड्या आल्या. शेतीची धान्ये घटली, शेळ्यामेंढ्या आणि शिकार वाढली. ढवळीकर म्हणाले, पाऊस कमी झाला, गाव अर्धे भटके झाले. यावर पुढे वाद झाला, तो अजून मिटलेला नाही. जो तो त्याच झोपड्या आणि तीच हाडे पुढे करतो.

सध्या घोड नदीच्या खोऱ्यात ऊस आहे. उसात बिबटे आहेत. काळवीट पाहायचे तर कर्जत तालुक्यात, रेहेकुरी अभयारण्यात.

३८
दूध पिऊन हाड उरत नाही. म्हणून आता भांडी विचारतात. कच्छमधले कोटडा भडली, प्रबोध शिरवळकर यांनी खणलेले. खापरांत मुरलेल्या चरबीचे पृथक्करण करून २०२० साली दाखवले गेले की साडेचार हजार वर्षांपूर्वी तिथे दूध तापवले, साठवले जात होते. पुढे उत्तरेकडच्या सिंधू गावांतल्या खापरांत मांसाची चरबी मिळाली, डुकराचीसुद्धा. दोन्ही बातम्या वर्तमानपत्रांत आल्या. पहिली लोकांनी आवडीने पुढे पाठवली.

३९
गुजरातमधल्या सिंधू वसाहतींत गुरांच्या दातांतला कार्बन मोजला, तर वर्षभर ज्वारी-बाजरीच्या जातीची वैरण दिसते. शेळ्यांच्या दातांत झाडपाला जास्त. गुरांना दावणीला कडबा, शेळ्या रानात. कोणत्याही धनगरवाड्यात फुकट मिळणारी माहिती. पण धनगर तारीख देत नाही.

४०
कोंबडी सिंधू खोऱ्यात पाळली गेली, असे शाळेत शिकलो. २०२२ साली जगभरची हाडे पुन्हा तपासली गेली. बरीच जुनी ‘कोंबडी’ दुसऱ्याच पक्ष्यांची किंवा नंतरच्या थरांतली निघाली. खात्रीची सर्वांत जुनी हाडे थायलंडमधल्या बान नॉन वट इथली, इ.स.पू. १६५० ते १२५० मधली. भाताची शेती आली, दाणे सांडले, रानकोंबडा झाडावरून खाली उतरला.

४१
बुर्झाहोम, काश्मीर. कुत्रे स्वतंत्र खड्ड्यांत पुरलेले. काही माणसांसोबतही. पुरलेल्या कुत्र्याची हाडे पूर्ण मिळतात. दुसऱ्या कुत्र्याला ती उकरायला मिळाली नाहीत.

४२
पाँपेईच्या एका घरात १९३८ साली हस्तिदंताची भारतीय स्त्री सापडली. तशाच घाटाची कामे भोकरदन आणि तेर इथे मिळाली आहेत. पाँपेईची मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात काचेमागे आहे. दात कोणत्या हत्तीचा, नर किती वयाचा, हे लेबलावर नाही. कोरल्यावर हाडाची जात बदलते.

४३
मोहेंजोदडोच्या १९३१च्या अहवालात सेवेल आणि गुहा यांचे प्राण्यांवरचे प्रकरण आहे. हडप्प्याच्या हाडांवर बैनी प्रसाद यांची वेगळी पुस्तिका, १९३६. म्हणजे सुरुवात चांगली होती. नंतर कितीतरी वर्षे हाडे परिशिष्टात गेली, आणि परिशिष्ट अहवालाबरोबर दहा-वीस वर्षे छापायचे राहिले.

४४
साळिंदर हाडे बिळात नेते आणि दात झिजवायला कुरतडते. खुणा समांतर, रुंद, नीटनेटक्या. घाईत पाहिले तर हत्याराच्या वाटतात. हाडांवरची ‘प्राचीन नक्षी’ म्हणून जे काही जगात मिरवून गेले, त्यात साळिंदराचे श्रेय नोंदलेले नाही.

४५
घूस तिसऱ्या थरातून सातव्या थरापर्यंत बीळ पाडते. जाता जाता वरचे हाड खाली नेते, खालचा मणी वर आणते. मग आतच मरते. तिचा सांगाडा व्यवस्थित, एकही हाड न हरवता निघतो. पिशवीवर थर क्रमांक सात लिहिला जातो.